पहिलं पान अडतं कुठे? इंग्रजी प्रबंधाच्या प्रस्तावनेबद्दल वाचकांचे प्रश्न

शेवटच्या सहामाहीचे प्रोजेक्ट आणि डिझर्टेशन जमा करायचे दिवस जवळ आले की पत्रांचा सूर एकच असतो: काम झालंय, आकडे आहेत, मुलाखती आहेत, पण पहिलं प्रकरण इंग्रजीत उभं राहत नाही. या वेळी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न निवडले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच छापली आहेत. मोठ्यानं वाचली की अडचण येणार नाही.

प्रश्न: बी.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या बाजारात एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड कशी मिसळतात, हा विषय घेतलाय. सहा पानांची प्रस्तावना लिहिली, ती तीनदा परत आली बघा. समासात दर वेळी दोनच शब्द, 'सो व्हॉट?' माहिती कमी पडली म्हणावं तर तसंही नाही. मसुदा सोबत जोडला आहे.
– विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर: मसुदा वाचला. पहिलं वाक्य 'लँग्वेज इज द बेस्ट गिफ्ट ऑफ गॉड टू मॅनकाइंड'. मग भाषेची शब्दकोशातली व्याख्या, मग बेळगाव जिल्ह्याचा इतिहास दीड पान, बाजाराचं वर्णन एक पान, कोड-मिक्सिंगच्या, म्हणजे भाषा मिसळून बोलण्याच्या, तीन व्याख्या, आणि शेवटी 'सो आय हॅव चोझन धिस टॉपिक'. या 'सो'च्या आधी कारण कुठेच आलेलं नाही. समासातले दोन शब्द तेच विचारताहेत.

शाळेत निबंधाची प्रस्तावना अशीच शिकवतात. विषयाची थोरवी गायची, एखादं सुभाषित द्यायचं आणि हळूहळू मुद्द्यावर यायचं. निबंधाला ते शोभतं. प्रबंधाच्या प्रस्तावनेचं काम वेगळं आहे: हा अभ्यास करायची गरज का होती, हे परीक्षकाला पटवायचं.

जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञानं 1981 साली 48 संशोधन-लेखांच्या प्रस्तावना तपासून त्यांत कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमानं येतात ते मांडलं. 1990 साली त्यानं ती मांडणी सुधारून तीन 'मूव्ह'वर आणली. मूव्ह म्हणजे बुद्धिबळातल्यासारखी चाल. त्यानं वापरलेले शब्द जीवशास्त्राकडून आले आहेत, पण आपल्याकडे ते शेतीच्या भाषेत जास्त पटकन कळतात. पहिली चाल: शिवार दाखवायचं, म्हणजे विषय कुठला, तो महत्त्वाचा का, आधी कुणी काय केलंय. दुसरी चाल: त्या शिवारात पड राहिलेला तुकडा दाखवायचा. तिसरी चाल: त्या तुकड्यात आपण काय पेरणार ते सांगायचं, म्हणजे उद्देश, प्रश्न, पद्धतीची एक ओळ, पुढच्या प्रकरणांचा आराखडा. तुमच्या मसुद्यात शिवार साडेपाच पानं आहे, पेरणी अर्ध पान आहे, आणि पड तुकडा दिसतच नाही. पदवीच्या बहुतेक प्रस्तावनांत हीच दुसरी चाल गळते. अवघड म्हणून गळते असं नाही. मराठी निबंधात तिला जागाच नसते, त्यामुळे ती आठवत नाही.

पड तुकडा दाखवायचे स्वेल्सनं चार मार्ग सांगितले: आधीच्या मताला विरोध करणं, उणीव दाखवणं, प्रश्न उभा करणं, किंवा चालत आलेलं काम पुढे नेणं. पदवीच्या विद्यार्थ्यानं विरोधाच्या वाटेला जाऊ नये. तेवढा पुरावा तीन-चार महिन्यांत जमत नाही आणि तोंडी परीक्षेत अंगावर येतं. उणीव दाखवणं किंवा काम पुढे नेणं, या दोन्ही वाटा तुम्हाला मोकळ्या आहेत.

तुमच्या विषयाला तर आधार हाताशी आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिल्यामुळे त्या भाषांचं व्याकरण कसं एकमेकांजवळ आलं, यावर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा लेख 1971 साली प्रसिद्ध झाला. शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा सांगाडा इतका सारखा झाला की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तुमच्यापासून काही तासांवरच्या गावचा हा अभ्यास मसुद्यात नाही आणि भाषा ही देवाची देणगी आहे हे मात्र आहे. पहिल्या परिच्छेदात यायला हवा तो कुपवाड.

आता पड तुकडा. 'नो वन हॅज स्टडीड धिस टॉपिक' असं कधीही लिहू नका. कुणीतरी केलेलं असतं आणि परीक्षकाला नेमकं तेच माहीत असतं. दावा तुम्ही वाचलेल्या साहित्यापुरता ठेवा: 'द कुपवाड स्टडी डेस्क्राइब्ज अ सेटल्ड व्हिलेज. द स्टडीज रिव्ह्यूड हिअर से लिटल अबाउट अ टाउन मार्केट, व्हेअर बायर अँड सेलर ऑफन मीट ओन्ली वन्स.' या दोन वाक्यांत काय झालंय आणि काय राहिलंय, दोन्ही आलं. तिसरं वाक्य मात्र हवंच: ते राहिल्यानं काय कळत नाही. 'विदाउट सच डेटा, वी कॅनॉट टेल व्हेदर मिक्सिंग डिपेंड्स ऑन लाँग अॅक्वेंटन्स ऑर ऑन द नीड्स ऑफ अ सिंगल सेल.' हे वाक्य लिहिलंत की समासातला 'सो व्हॉट' जातो.

मोजमाप सांगायचं तर प्रस्तावना एकूण प्रबंधाच्या साधारण दहा टक्के असावी. तुमचा प्रबंध नऊ हजार शब्दांचा असेल तर नऊशे शब्द, म्हणजे दुप्पट ओळ-अंतराची तीन-साडेतीन पानं. त्यातले चारशे शिवाराला, दीडशे पड तुकड्याला, साडेतीनशे पेरणीला. काटेकोर नको, पण दुसऱ्या चालीला शंभराहून कमी शब्द मिळाले तर ती सहसा पटत नाही. जिल्ह्याचा इतिहास आणि बाजाराचं वर्णन फेकू नका. बाजाराचं वर्णन पद्धतीच्या प्रकरणात लागेलच. इतिहासातली बाजाराशी थेट संबंध असलेली दोन वाक्यं ठेवा.

प्रश्न: बी.ई. सिव्हिल, चौघांचा गट. फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली, टाकाऊ वाळू काँक्रीटमध्ये वापरायची, असा प्रोजेक्ट आहे. लिटरेचर सर्व्हेचं प्रकरण वेगळं असतं, मग प्रस्तावनेत संदर्भ द्यायचे का? आणि गाईड म्हणतात ऑब्जेक्टिव्ह मोघम आहेत.
– उद्यमबाग, बेळगाव

उत्तर: संदर्भ द्यायचे, पण वेगळ्या कामासाठी. सर्व्हेच्या प्रकरणात प्रत्येक अभ्यास उलगडून सांगायचा असतो: मिश्रण कुठलं, प्रमाण किती, निकाल काय. प्रस्तावनेत तेच अभ्यास घोळक्यानं येतात आणि पड तुकड्याकडे बोट दाखवून बाजूला होतात. पन्नास पानी रिपोर्टात प्रस्तावनेत सहा-आठ संदर्भ पुरतात. अभियांत्रिकीत चौकटी कंसातल्या आकड्यांची आयईईई पद्धत चालते. त्यात क्रमांक मजकुरात पहिल्यांदा येण्याच्या क्रमानं पडतात, म्हणजे प्रस्तावनेतला पहिला संदर्भ 1 झाला पाहिजे. सर्व्हे आधी लिहून प्रस्तावना मागाहून घातली की हा क्रम कोलमडतो. क्रमांक हातानं टाकू नका, सॉफ्टवेअरकडून टाका.

तुमची सुरुवात रोमन काँक्रीटपासून होते. विषयाच्या एक पायरी वरून सुरू करा, पाच पायऱ्या वरून नको. तुमच्यासाठी ती एक पायरी म्हणजे बारीक खडीची, म्हणजे वाळूची टंचाई आणि बेळगावातल्या फाउंड्र्यांतून बाहेर पडणारी वाळू. 'फाउंड्री सँड' हे शब्द पहिल्या परिच्छेदात आले नाहीत तर सुरुवात लांबली असं समजा.

तुमचा पड तुकडा वाळूच्या जातीतच आहे. फाउंड्रीची वाळू म्हणजे एकच पदार्थ नव्हे. ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते, तर रेझिनवाल्या वाळूचे कण रसायनानं बांधलेले असतात. माती आणि कोळशाचे बारीक कण पाणी जास्त मागतात, त्यानं काँक्रीट घट्ट होतं, आणि ते सुटावं म्हणून पाणी वाढवलं की ताकद घटते. म्हणून दुसऱ्या गावच्या वाळूचे निकाल इथे जसेच्या तसे लागू होतील असं धरता येत नाही. हे कारण लिहिलंत तर 'बेळगावच्या वाळूवर अभ्यास झाला नाही' या लंगड्या वाक्याची गरज उरत नाही. गाव बदललं एवढ्यानं उणीव होत नाही. गाव बदलल्यानं काय बदललं हे सांगितलं की होते.

आता ऑब्जेक्टिव्ह. 'टू स्टडी द बिहेव्हिअर ऑफ काँक्रीट' यात मोजायचं काय ते कळत नाही. 'स्टडी', 'अंडरस्टँड', 'नो' ही क्रियापदं काढा. 'डिटरमाइन', 'कंपेअर', 'आयडेंटिफाय' घ्या. उदाहरणार्थ: 'टू डिटरमाइन द 7-डे अँड 28-डे कंप्रेसिव्ह स्ट्रेंग्थ ऑफ एम25 काँक्रीट इन व्हिच 0, 10, 20 अँड 30 पर सेंट ऑफ द फाइन अॅग्रिगेट, बाय मास, इज रिप्लेस्ड बाय वेस्ट ग्रीन सँड.' यात दोन गोष्टी विद्यार्थी हमखास विसरतात. एक म्हणजे 0 टक्के, तुलनेचं साधं मिश्रण. दुसरं 'बाय मास'. वजनानं की आकारमानानं हे न लिहिल्यास 20 टक्क्यांना अर्थच राहत नाही. आणि हे वाक्य नीट लिहिलं की हिशेबही आपोआप बसतो: चार मिश्रणं, दोन मुदती, प्रत्येकी तीन, म्हणजे 150 मिलिमीटरचे 24 क्यूब. ऑब्जेक्टिव्हमधून क्यूबची संख्या काढता येत नसेल तर तो अजून मोघम आहे. असे तीन, फार तर चार ऑब्जेक्टिव्ह पुरे.

स्कोपमध्ये काय केलं नाही तेही लिहा: वाळू एकाच फाउंड्रीची आहे, टिकाऊपणा तपासला नाही, पाण्यात काय झिरपतं ते तपासलं नाही. हा कमीपणा वाटतो म्हणून विद्यार्थी लपवतात आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो. आयएस 456 आणि आयएस 10262 या काँक्रीटच्या भारतीय मानकांचे तपशील प्रस्तावनेत नकोत, ते पद्धतीच्या प्रकरणात. प्रकरणाचं नाव 'इंट्रोडक्शन' आणि 1.1 चं नावही 'इंट्रोडक्शन' हे सगळ्या रिपोर्टांत दिसतं; 1.1 ला 'बॅकग्राउंड' म्हणा.

प्रश्न: माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. आधी मराठीत विचार करून मग इंग्रजीत लिहितो. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर चुका दाखवत नाही, तरी सर म्हणतात इंग्रजी 'मराठी वाटतं'.
– बी.एस्सी., चिक्कोडी

उत्तर: सॉफ्टवेअरला शब्दाची चूक सापडते, वाक्याचा सांगाडा उचलून आणलेला सापडतोच असं नाही. मराठीतून येणारे काही सांगाडे ठरलेले आहेत.

सर्वांत ठळक जोडी 'जरी... तरी'. मराठीला दोन्ही लागतात. इंग्रजीत 'ऑलदो' आणि 'बट' एकाच वाक्यात आले की जोडणी दुप्पट होते. 'ऑलदो मेनी फार्मर्स यूज ड्रिप, बट द यील्ड इज लो' यातलं एक काढा, कुठलंही. तीच गत 'ज्याअर्थी... त्याअर्थी'ची: 'अॅज' किंवा 'सिन्स'नं सुरुवात केली की पुढे 'सो' किंवा 'देअरफोर' नको. दुसऱ्या चालीत ही चूक जास्त बोचते, कारण उणीव दाखवणारं वाक्य बहुधा याच जोडीवर उभं असतं.

दुसरं, क्रियापदाची जागा. मराठीत ते शेवटी येतं, त्यामुळे आपण कारण, काळ, ठिकाण, अपवाद सगळं आधी रचतो आणि वाचक निमूट थांबतो. इंग्रजी वाचकाला कर्ता आणि क्रियापद लवकर हवं असतं. सोपी कसोटी: पहिल्या आठ शब्दांत दोन्ही आले का? नसतील तर पुढचा पसारा मागे टाका. तीस शब्दांच्या वरचं वाक्य प्रस्तावनेत ठेवायचं तर त्याला सबळ कारण हवं.

तिसरं म्हणजे 'अ' आणि 'द'. मराठीत यांना जोडच नाही, म्हणून ते राहतात किंवा भलतीकडे पडतात. वस्तू पहिल्यांदा येते तेव्हा 'अ', तीच पुन्हा आली की 'द'. सर्वसाधारण अनेकवचनाला काहीच नको. 'रिसर्च', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'लिटरेचर' यांना 'एस' लावायचा नाही. 'रिसर्चेस' मराठी माध्यमाच्या मुलांच्या प्रस्तावनेत हटकून सापडतं. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. आणि 'च'चं भाषांतर म्हणून वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' तर नकोच.

काळ सगळ्यांत जास्त गोंधळ घालतो, म्हणून चालींनुसार सांगतो. सर्वमान्य गोष्ट साध्या वर्तमानात: 'एक्सेसिव्ह फ्लोराइड डॅमेजेस टूथ इनॅमल'. एखादा ठरावीक जुना अभ्यास साध्या भूतकाळात: 'अमुक मेजर्ड'. आतापर्यंत झालेल्या अनेक अभ्यासांबद्दल एकत्र बोलायचं तर पूर्ण वर्तमान: 'सेव्हरल स्टडीज हॅव मेजर्ड'. उणीव अजून आहे, म्हणून तीही वर्तमानात किंवा पूर्ण वर्तमानात. 'रिमेन्ड अनक्लिअर' असं भूतकाळात लिहिलं की वाचक समजतो, मधल्या काळात कुणीतरी ती भरून काढली. प्रबंध काय करतो ते वर्तमानात: 'धिस थेसिस एक्झामिन्स'. तुम्ही प्रत्यक्ष केलेलं काम, समजा विहिरींचं पाणी गोळा केलं, ते भूतकाळात.

आणखी एक, व्याकरणात न बसणारी गोष्ट. आदरार्थी बोलायची आपली सवय. 'रिस्पेक्टेड डॉक्टर अमुक सर हॅज व्हेरी ब्यूटिफुली एक्सप्लेन्ड' असं वाक्य मजकुरात नको. नुसतं आडनाव आणि साल लिहायचं. इंग्रजी संशोधन-लेखनात तो उर्मटपणा ठरत नाही. आदर दाखवायला ऋणनिर्देशाचं पान आहे, तिथे मोकळेपणानं लिहा.

प्रश्न: विषय आमच्या तालुक्यातल्या शेतजमिनीचा. काही संदर्भ कन्नड आहेत, काही मराठी, जुने इंग्रजी. बेळगाव, बेलगाम की बेलगावी? संदर्भ इंग्रजीत कसे द्यायचे?
– निपाणी

उत्तर: 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेलगावी आहे, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या इंग्रजी वाक्यांत तेच वापरा. जुन्या ग्रंथाचं, कचेरीचं किंवा अहवालाचं नाव त्या वेळी होतं तसंच ठेवायचं, सुधारायचं नाही. पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात दोन्ही नावं सांगून टाका. गावांच्या नावांच्या दोन-दोन स्पेलिंग आपल्याकडे नेहमीच असतात. जनगणनेतलं स्पेलिंग धरा आणि शेवटपर्यंत तेच चालवा.

नावापेक्षा मोठा खड्डा आकड्यांत आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं 1973 साली. त्याच पुनर्रचनेत चंदगड तालुका या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात राहिला. म्हणजे 1951 च्या जनगणनेतला जिल्हा आणि 1961 चा जिल्हा एकच नाही, आणि त्यांचे अहवालही वेगळ्या राज्यांच्या मालिकांत शोधावे लागतात. 'लँड अंडर कल्टिव्हेशन डिक्लाइन्ड' असं प्रस्तावनेत ठोकून देण्याआधी तालुकावार आकडे घ्या. 1884 चं मुंबई इलाख्याचं बेळगाव गॅझेटियर जमीन आणि पिकांसाठी उत्तम आहे, पण ते शिवार दाखवायला. त्यावरून आजची उणीव सिद्ध होत नाही. सीमाप्रश्नावर भूमिका घ्यायची गरज तुमच्या विषयाला नाही. तारखा आणि हद्दी अचूक दिल्या की काम भागतं.

कन्नड आणि मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहायचं आणि त्याला लागून चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा, अशी संदर्भ देण्याची एपीए पद्धत आहे. उतारा तुम्ही स्वतः भाषांतरित केला असेल तर तसं नोंदवा. अक्षरांवरच्या रेघा-टिंबं वापरायची तर सगळीकडे, नाहीतर कुठेच नको. गुंठा हा शब्द ठेवा, पण पहिल्या उल्लेखाला 40 गुंठे म्हणजे एक एकर आणि एक एकर म्हणजे 0.405 हेक्टर, हे सांगा. बाहेरचा परीक्षक गुंठ्याला अडखळतो आणि तिथून पुढचं सगळं अविश्वासानं वाचतो.

प्रश्न: मी शहापूरचा विणकर. मुलगी बी.कॉम.ला आहे, यंत्रमाग कामगारांच्या मिळकतीवर प्रोजेक्ट करते. 'माय फादर इज अ वीव्हर' असं तिनं प्रस्तावनेत लिहिलेलं, ते काढायला लावलं. घरात पन्नास वर्षांची माहिती आहे, ती वापरायची नाही म्हणजे काय?
– एक वाचक

उत्तर: वापरायची, फक्त तिची जागा बदलायची. घरची माहिती प्रस्तावनेत पुरावा म्हणून चालत नाही, कारण परीक्षकाला ती पडताळता येत नाही. पण पड तुकडा कुठे आहे हे मुलीला घरातूनच कळेल. एकच उदाहरण पाहा. 'वीव्हर' म्हणजे कोण? स्वतःच्या मागावर स्वतःचं सूत विणणारा, व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणून देणारा, की दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीवर माग चालवणारा? तिघांची मिळकत वेगळ्या रीतीनं ठरते. ज्या अहवालात तिघांना एकत्र धरलंय, त्याची सरासरी कुणाचीच नसते. हे पुस्तक वाचून सुचत नाही, तुमच्याशी बोलून सुचतं. तिनं जमवलेले अहवाल घेऊन बसा आणि प्रत्येकात 'वीव्हर' कोणाला म्हटलंय ते दोघं मिळून शोधा. तीच तिची दुसरी चाल. तिघांच्या व्याख्या प्रस्तावनेत एका परिच्छेदात याव्यात. आणि स्वतः विणकर कुटुंबातली आहे हे तिनं पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात जरूर सांगावं, मुलाखती घेताना त्याचा परिणाम होतो म्हणून.

प्रश्न: किती टक्के मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळला तर चालतं? प्रस्तावनाच जास्त जुळते असं का? आणि एआयकडून लिहून घेतलं तर?
– तीन पत्रं, गोकाक आणि बेळगाव

उत्तर: यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यातल्या शिक्षा पदव्युत्तर आणि त्यावरच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, तरी अनेक कॉलेजं पदवीलाही दहाचाच आकडा धरतात. अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह दिलेला मजकूर, तसंच संदर्भसूची मोजली जात नाही. प्रस्तावना जास्त जुळते, कारण व्याख्या आणि पार्श्वभूमी सगळे त्याच चार ठिकाणांहून उचलतात. व्याख्या एकच ठेवा, ती अवतरणात द्या. शब्द बदलून वाक्याचा सांगाडा तोच ठेवणं हीही नक्कलच आहे, यंत्राला सापडो न सापडो.

एआयबद्दल आधी कॉलेजचा नियम विचारा. धोका असा की ते खरे वाटणारे पण अस्तित्वात नसलेले संदर्भ देतं, आणि तेही नेमके 'फ्यू स्टडीज हॅव एक्झामिन्ड' या वाक्याच्या आसपास. जो लेख उघडून वाचला नाही तो संदर्भात नको. त्यानं लिहिलेल्या प्रस्तावनेत तिन्ही चाली व्यवस्थित दिसतात, पण पड तुकडा कुठल्याही गावाला लागू पडेल असा गुळगुळीत असतो.

प्रश्न: मॅडम म्हणतात प्रस्तावना शेवटी लिहा. मग सुरुवातीला सिनॉप्सिसमध्ये जी दिली तिचं काय करायचं?
– बी.ए. अर्थशास्त्र, अथणी

उत्तर: मॅडमचं बरोबर आहे, आणि सिनॉप्सिसमधलीही लागते. सिनॉप्सिसमध्ये पुढे काय करणार ते असतं, म्हणून तिथे 'विल' येतं. काम झाल्यावर सगळी 'विल' काढावी लागतात. एक जरी राहिलं तरी परीक्षकाला कळतं की प्रस्तावना तशीच चिकटवली आहे. 'विल' हा शब्द फाइलमध्ये शोधा आणि एकेक तपासा.

लिहायचा क्रम उलटा ठेवा. आधी तिसरी चाल: प्रत्यक्षात कोणते प्रश्न सोडवले, कितीजणांकडून, कुठल्या महिन्यांत. शंभर शेतकरी ठरवले आणि त्र्याहत्तर मिळाले तर त्र्याहत्तर लिहा. मग त्या प्रश्नांना लागणारा पड तुकडा. मग त्या तुकड्याभोवतीचं तेवढंच शिवार. या क्रमानं लिहिलं की फापटपसारा मुळातच येत नाही. छापताना अर्थात एक, दोन, तीन.

मग प्रिंट काढून प्रस्तावनेतले उद्देश आणि शेवटच्या प्रकरणातले निष्कर्ष शेजारी ठेवा. चार उद्देश आणि तीन निष्कर्ष असतील तर एकाचं उत्तर राहिलंय. तीन उद्देश आणि पाच निष्कर्ष असतील तर दोन कुठून आले ते परीक्षक विचारणार. क्रम आणि शब्दही तेच हवेत. प्रस्तावनेत 'इन्कम', पद्धतीत 'अर्निंग्ज' आणि निष्कर्षात 'वेजेस' असं अर्थशास्त्राच्या रिपोर्टांत सर्रास असतं, आणि त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे जुळवायला एक संध्याकाळ लागते. बाइंडिंगला देण्याच्या आदल्या दिवशीची ती नसावी.